जुन्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रेकॉर्डिंग : मशीन अडखळू न देता धडा कसा उतरवायचा?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले. तास सकाळी अकराचा, पण अनेक घरांत एकच स्मार्टफोन आणि तोही अब्बांबरोबर कामावर गेलेला. फोन घरी यायचा रात्री. थेट तास तोवर संपून जायचा. रेकॉर्ड केलेला धडा मात्र मुलाची वाट बघत थांबायचा.

आता शाळा सुरू आहेत, तरी ही गरज संपलेली नाही. आजारी पडून आठवडाभर घरी राहिलेली मुलगी, दहावीची उजळणी करणारा मुलगा, घरकामातून रात्रीच वेळ मिळणाऱ्या अम्मी, या सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकता येईल असा धडा हवा असतो. त्यातही उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी भूमितीची एखादी रचना किंवा विज्ञानाचा एखादा पाठ शोधायला बसलं की इंग्रजी-हिंदीत ढीगभर सापडतं, आणि उर्दूत, आपल्या महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाप्रमाणे, फार थोडं. ही उणीव भरून काढायला मोठा स्टुडिओ लागत नाही. घरातला कॉम्प्युटर, एक साधा इयरफोन आणि शिकवता येणारा माणूस पुरतो.

पण सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी हात टेकतात. आम्ही ओझरमध्ये शिकवतो. इथे काय, पिंपळगाव-निफाडच्या ओळखीच्या शिक्षकांकडून काय, तक्रार एकच ऐकू येते : “रेकॉर्डिंग सुरू केलं की कॉम्प्युटर हँग होतो. माऊस उड्या मारतो, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं.” मग निष्कर्ष निघतो की मशीन जुनं झालं, आता नवीन घ्यावं लागेल.

आमचं म्हणणं असं, की बहुतेक वेळा नवीन मशीनची गरज नसते. आपण मशीनकडून धड्याला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काम मागत असतो. ते मागणं कमी केलं की तेच मशीन निमूट चालतं. काय कमी करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढंच नीट समजून घ्यायचं.

मशीनवर ओझं नेमकं कशाचं?

आजकालच्या बऱ्याच स्क्रीन १९२० × १०८० ठिपक्यांच्या असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला तीन बाइट धरले, तर एका चित्राचं वजन सुमारे ६.२ एमबी. रेकॉर्डिंगमध्ये अशी चित्रं सेकंदाला ३० घेतली जातात. सेकंदाला झाले साधारण १८७ एमबी, आणि मिनिटाला ११ जीबीच्या वर. चाळीस मिनिटांचा तास असाच्या असा ठेवायचा म्हटलं तर एकट्याला साडेचारशे जीबीच्या आसपास जागा लागेल.

एवढं कुणी साठवत नाही. म्हणून रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर चित्रं येतील तशी आवळत जातं. आवळण्याची ही पद्धत समजायला वर्गातली हजेरी आठवा. वर्गात साठ मुलं असली तरी आपण रोज साठ नावं नव्याने लिहीत नाही. नावं एकदाच लिहिलेली असतात, पुढे रोज फक्त कोण गैरहजर तेवढं टिपतो. व्हिडिओतही तसंच. मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहिलं जातं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं ते. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आजही सगळीकडे चालते, ती याच तत्त्वावर.

अडचण इथे आहे. “काय बदललं” हे शोधायला प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून बघावं लागतं, सेकंदाला तीस वेळा. हे काम कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर पडलं आणि त्याच प्रोसेसरवर पॉवरपॉइंट, क्रोम आणि झूमही चालू असलं, की तो कशालाच पुरा पडत नाही. माऊसच्या उड्या तिथून सुरू होतात.

यावर उपाय तीन : काम कमी करणे, काम दुसऱ्याला देणे आणि काम नंतरवर ढकलणे. तिन्ही क्रमाने पाहू.

काम कमी करा, पण नुक्ते जपा

धडा म्हणजे क्रिकेटचा सामना नव्हे. पानावर मजकूर असतो, बाण फिरतो, मधूनच पान उलटतं. त्यासाठी सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांची काहीच गरज नाही. १० ते १५ पुरतात. बघणाऱ्याला फार तर माऊस किंचित तुटक फिरताना दिसेल, शिकण्यात त्याने काही अडत नाही.

दुसरी गोष्ट स्क्रीनचा आकार. १२८० × ७२० च्या चित्रात ९ लाख २१ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला १५ चित्रं घेतली तर आधीच्या १८७ एमबीऐवजी साधारण ४१ एमबीच हाताळावे लागतात. काम जवळजवळ साडेचारपट कमी झालं, आणि रुपयाचाही खर्च नाही.

इथे एक काळजी घ्यायची. मोठी स्क्रीन तशीच ठेवून सॉफ्टवेअरला “लहान करून साठव” असं सांगितलं, तर अक्षरं पुसट होतात, शिवाय लहान करण्याचं काम मशीनवर वाढतं. त्यापेक्षा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनच १२८० × ७२० करा आणि तेवढीच रेकॉर्ड करा. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन पुष्कळदा १३६६ × ७६८ ची असते. ती आहे तशी ठेवली तरी चालेल.

आणि जे कमी करायचं नाही ते म्हणजे अक्षरांचा स्वच्छपणा. उर्दू शिकवणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. बे, पे, ते आणि से यांचा साचा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. फाइल लहान व्हावी म्हणून दर्जा फार खाली आणला की सॉफ्टवेअर आधी बारीकसारीक तपशील पुसतं, आणि नुक्त्याएवढं बारीक दुसरं काय असतं? लहान मुलाला मग “पे” आहे की “बे” हे कळत नाही. मक्तबमध्ये कायदा शिकवणाऱ्या उस्तादांना तर ही चूक परवडणारीच नाही. मराठीतही अनुस्वार पुसला की “मंद”चं “मद” होतं.

म्हणून नियम असा : चित्रांची संख्या कमी करा, दर्जा नाही. फॉन्ट मोठा ठेवा. नस्तालीक लिपीत अक्षरं तिरकी उतरत जातात आणि एका ओळीला उंची जास्त लागते, त्यामुळे वर्डमध्ये जो आकार पुरेसा वाटतो त्याच्या दीडपट तरी घ्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं सगळ्यात उत्तम. काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळी अक्षरं टाळा, कारण नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधाराची नोंद पूर्ण ठेवतात आणि रंगाची नोंद त्याच्या चौथ्या हिश्श्यानेच. रंगीत अक्षरांच्या कडा त्यामुळे फुटतात.

काम दुसऱ्याला द्या

पुष्कळांना माहीत नसतं, की त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हिडिओ आवळण्यासाठी एक वेगळा भाग आधीपासूनच बसवलेला असतो. इंटेलच्या २०११ पासूनच्या बहुतेक कोअर प्रोसेसरमध्ये तो आहे, त्याला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये २०१२ पासून एनव्हेंक नावाने आहे. एएमडीच्या कार्डांतही तशी सोय असते. शाळेत हिशेबासाठी कारकून असताना मुख्याध्यापकांनी तास सोडून पावत्या लिहीत बसावं, तसं आपण करत असतो. ते काम कारकुनाला द्या, म्हणजे प्रोसेसर तुमच्या पॉवरपॉइंटसाठी मोकळा राहतो.

यासाठी आम्ही ओबीएस स्टुडिओ सुचवतो. तो मोफत आहे, त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही आणि वेळेची मर्यादाही घालत नाही. एक अट आहे : २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून तो विंडोज ७ आणि ८ वर किंवा ३२ बिटच्या मशीनवर चालत नाही. विंडोज १० किंवा ११ हवी. डाउनलोड त्यांच्या अधिकृत साइटवरूनच करा. भलत्या साइटवरून घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर काय काय घरात येतं ते सांगता येत नाही.

सेटिंग एकदाच करायची. एका कागदावर उतरवून कॉम्प्युटरजवळ चिकटवून ठेवा :

१. सेटिंग्जमध्ये “व्हिडिओ” उघडा. बेस आणि आउटपुट या दोन्ही रेझोल्यूशनमध्ये तोच आकडा ठेवा, तुमच्या स्क्रीनचा. एफपीएसच्या यादीत १०, २०, ३० असे आकडे दिसतील, त्यात १० निवडा. १५ हवे असतील तर “इंटिजर एफपीएस” निवडून स्वतः लिहा.

२. “आउटपुट”मध्ये मोड “सिंपल” ठेवा. रेकॉर्डिंग क्वालिटीत “हाय क्वालिटी, मीडियम फाइल साइज” घ्या. याचा फायदा असा की पान स्थिर असेल तेव्हा फाइल फारशी वाढत नाही, जागा फक्त बदल होतो तेव्हाच खर्च होते. “लॉसलेस”ला हात लावू नका, डिस्क बघता बघता भरते.

३. एन्कोडरच्या यादीत “हार्डवेअर” या शब्दाने सुरू होणारा पर्याय दिसतो का पाहा. दिसला तर तोच घ्या.

४. रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. कारण पुढे सांगतो.

५. मुख्य खिडकीत सोर्स जोडताना शक्य तिथे “विंडो कॅप्चर” घ्या, “डिस्प्ले कॅप्चर” नको. फक्त पॉवरपॉइंटची खिडकी रेकॉर्ड झाली, तर मधेच उघडलेला व्हॉट्सअॅपचा निरोप किंवा बँकेचं पान मुलांपर्यंत जात नाही.

६. मधल्या पूर्वदृश्यावर राइट क्लिक करून “एनेबल प्रिव्ह्यू”ची खूण काढा. तेवढंच ग्राफिक्सचं काम वाचतं.

काही लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर घेतलं की नुसती काळी स्क्रीन दिसते. हे मशीन बिघडल्याचं लक्षण नव्हे. तिथे दोन ग्राफिक्स चिप असतात, स्क्रीन एकीवर चाललेली असते आणि ओबीएस दुसरीवर. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन ओबीएसला “पॉवर सेव्हिंग” दिलं की बहुतेक वेळा चित्र दिसायला लागतं.

ओबीएस जड वाटत असेल त्यांनी विंडोजमधला गेम बार वापरून बघावा. विंडोज, ऑल्ट आणि आर ही बटणं एकत्र दाबली की समोर उघडलेल्या प्रोग्रामचं रेकॉर्डिंग सुरू होतं. तो रिकामा डेस्कटॉप किंवा फोल्डरची खिडकी रेकॉर्ड करत नाही, पण एका प्रोग्रामचा धडा असेल तर पुरेसा आहे. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही आता व्हिडिओची सोय आहे. आणि घरात कॉम्प्युटरच नसेल, तर अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर मिळतो.

काम नंतरवर ढकला

यादीत “हार्डवेअर” दिसलंच नाही तर? मग “सॉफ्टवेअर, एक्स२६४, लो सीपीयू युसेज” असा एक पर्याय असतो तो घ्या. यात सॉफ्टवेअर फार डोकं न चालवता ढोबळपणे आवळतं. प्रोसेसरवर ताण कमी येतो, त्या बदल्यात फाइल मोठी होते. होऊ द्या. धडा संपल्यावर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल घाला आणि रात्री जेवायला बसताना काम लावून द्या. तेव्हा मशीनला दुसरं काही काम नसतं. एक तास लागो की दोन, कुणाचं काय अडतं? थेट रेकॉर्डिंग करताना मशीनकडे सेकंदाचा दहावा हिस्साच असतो, रात्री मात्र वेळच वेळ.

याच्याबरोबर काही साध्या गोष्टी. रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, बॅटरीवर पुष्कळ मशीन आपला वेग स्वतःच कमी करतात. क्रोमचे नको ते टॅब बंद करा. फाइल पेनड्राइव्हवर थेट उतरवू नका, त्याचा वेग पुरत नाही. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्येही नको, कारण तिकडे रेकॉर्डिंग चालू असतानाच अपलोड सुरू होतं. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी रेकॉर्डिंगला बसू नका. मशीन तापलं की प्रोसेसर जिवाच्या भीतीने मंद होतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते, म्हणून लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा.

सगळं करूनही अडखळत असेल तर अंदाज बांधत बसू नका. ओबीएसच्या “स्टॅट्स” या खिडकीत दोष कुठे आहे ते लिहिलेलं असतं. “एन्कोडिंग लॅग”चा आकडा वाढतोय म्हणजे आवळण्याचं काम पुरं पडत नाही, तर चित्रांची संख्या आणखी कमी करा किंवा एन्कोडर बदला. “रेंडरिंग लॅग” वाढतोय म्हणजे ग्राफिक्सवर ताण आहे, तर बाकीच्या खिडक्या बंद करा. दोन्ही आकडे शून्याजवळ असतील आणि तरी पॉवरपॉइंट रखडत असेल, तर दोष रेकॉर्डिंगचा नाही. रॅम भरलेली असण्याची शक्यता जास्त.

आवाज : अर्धा धडा कानातूनच जातो

चित्र थोडं तुटक चालेल, आवाज तुटक असला की मूल दोन मिनिटांत व्हिडिओ बंद करतं. आवाज साठवायला मशीनला कष्ट फार कमी पडतात, म्हणून तिथे काटकसर करण्याचं कारणच नाही.

कॉम्प्युटरमध्ये आवाजाचे दोन वेगळे प्रवाह असतात : तुमच्या माइकमधून येणारा आणि कॉम्प्युटरच्या आत वाजणारा, म्हणजे एखादी चित्रफीत किंवा ऑनलाइन वर्गातल्या मुलांचं बोलणं. धड्यात फक्त तुमचं बोलणं हवं असेल तर “डेस्कटॉप ऑडिओ” बंद करा. दोन्ही हवे असतील तर इयरफोन लावणं सक्तीचं समजा. स्पीकर चालू ठेवला की त्यातला आवाज माइकमध्ये शिरतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

वायरचा, माइक असलेला साधा इयरफोन ब्लूटूथपेक्षा बरा. ब्लूटूथवर माइक चालू केला की आवाजाचा दर्जा फोनवरच्या बोलण्याइतका खाली येतो आणि थोडा उशीरही होतो. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला ठेवा, म्हणजे “प” आणि “फ” म्हणताना फुंकर बसत नाही. ओबीएसच्या पट्टीवर बोलताना आवाज पिवळ्या भागात राहायला हवा. लाल भागात गेला की फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

आवाज आणि चित्र हळूहळू वेगळे होत असतील, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि ओबीएसमध्ये सॅम्पल रेट एकच आहे का ते बघा. दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

वेळेचंही भान हवं. ओझरमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको : इथे एचएएलचा विमान कारखाना आहे, धावपट्टी आहे, बाजूने मुंबई-आग्रा महामार्ग जातो. विमान डोक्यावरून गेलं की कुठलंही सॉफ्टवेअर तो आवाज पूर्ण काढू शकत नाही. फज्रनंतरचा एक तास किंवा रात्री घर निजल्यावरचा वेळ घ्या. पाच मिनिटं पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईल सायलेंट. अजानची वेळ आधीच बघून ठेवली की मधेच थांबावं लागत नाही.

लाइट गेली तर?

वर एमकेव्हीचं नाव घेतलं ते यासाठी. नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये कुठला भाग कुठे आहे याची यादी शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंगच्या मधेच लाइट गेली तर ती यादी लिहिलीच जात नाही, आणि अर्ध्या तासाची मेहनत उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तसं होत नाही. जिथवर रेकॉर्डिंग झालं तिथवरचं सलामत राहतं. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूत “रीमक्स रेकॉर्डिंग्ज” वापरून तिची एमपी४ करून घ्या. यात पुन्हा आवळणं होत नाही, म्हणून काम चटकन होतं आणि दर्जा जराही कमी होत नाही.

दहा मिनिटांचा धडा, एक स्क्रीन, दोन भाषा

स्क्रीन रेकॉर्डिंगमधून शिकवण्याचं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण पवईला आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प. मोफत सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे तिथे साधारण दहा-दहा मिनिटांच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमधून शिकवलं जातं. शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याने स्वतः बघून, शेजारी तेच करत शिकावं असा बेत.

त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा घ्याव्यात. पहिली : रेकॉर्डिंगच्या आधी संहिता लिहितात, दोन रकान्यांत. एका बाजूला स्क्रीनवर काय दिसेल, दुसऱ्या बाजूला काय बोलायचं. बीएडला पाठ टाचण काढलेल्या शिक्षकांना हे नवीन नाही. टाचण हाताशी असलं की अडखळणं, पुन्हा मागे जाणं, “हां तर” म्हणणं कमी होतं आणि वीस मिनिटांचा धडा दहात बसतो. लहान धडा मशीनलाही सोपा. बिघडला तर दहाच मिनिटं पुन्हा करायची.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची. तिथे स्क्रीन तीच ठेवून आवाज निरनिराळ्या भारतीय भाषांत घालतात. आपण उर्दू आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं. वर्तुळाची रचना स्क्रीनवर एकदा काढायची, आवाज न घेता रेकॉर्ड करायची, मग तिच्यावर एकदा उर्दूत बोलायचं आणि एकदा मराठीत. आवाज ऑडॅसिटीत किंवा सरळ फोनवर घ्या, आणि ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. यात मशीनवरचा भार आणखी घटतो, कारण चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वेळी घेतले जातात. आणि एका शिक्षकाच्या मेहनतीत दोन माध्यमांची मुलं शिकतात.

मुलाच्या भाषेत धडा नेल्याने काय होतं हे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने दाखवलं आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी मुलांची घरची भाषा कन्नड म्हणून पुस्तकं कन्नडमध्ये आणली आणि क्यूआर कोडमधून ध्वनी आणि चित्रफिती जोडल्या. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. काम एका लहानशा गावातल्या शाळेतून सुरू झालं होतं.

मुलांपर्यंत पोचवताना

फाइलचा हिशेब घरच्या डेटापॅकशी जुळला पाहिजे. सेकंदाला १००० किलोबिटचा व्हिडिओ आवाजासकट मिनिटाला साधारण ८ एमबी होतो, दहा मिनिटांचा धडा ८० एमबी. तोच ६००० वर ठेवला तर ४५० एमबीच्या वर जातो. रोज दीड जीबीचा पॅक दोन-तीन भावंडांत वाटून वापरणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे. स्थिर पानांच्या धड्याला १००० पुष्कळ होतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नव्हे तर “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो पुन्हा आवळतं, आणि एवढे जपलेले नुक्ते तिथे जातात.

आणखी एक, मशीनपेक्षा महत्त्वाचं. ऑनलाइन वर्ग रेकॉर्ड करत असाल तर त्यात मुलांचे चेहरे, नावं आणि आवाज येतात. पालकांना आधी सांगा आणि त्यांची परवानगी घ्या. शक्य असेल तर मुलांचे कॅमेरे बंद ठेवून फक्त तुमचं पान रेकॉर्ड करा. एखाद्या मुलीच्या घरच्यांना तिचा आवाज फिरायला नको असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. त्या मुलीने प्रश्न विचारणं बंद करू नये, यासाठी तरी हा शब्द पाळावा. तसंच दुसऱ्या शिक्षकाचा धडा रेकॉर्ड करून आपल्या नावाने फिरवणं ही अमानतीत खयानतच आहे.

सुरुवात लहान करा. या रविवारी तुम्हाला सगळ्यात चांगला शिकवता येतो तो एकच मुद्दा घ्या. कागदावर दोन रकाने आखा. दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग करून आवाज आणि नुक्ते तपासा, मग पूर्ण धडा उतरवा. तयार झालेली फाइल आधी मोठ्या स्क्रीनवर नाही, तर घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर बघा. तिथे वाचता आली आणि ऐकू आली, तर धडा तयार आहे. पुढच्या रविवारी दुसरा घ्या. अशा रीतीने वर्षभरात पन्नास धडे होतात, आणि पन्नास धड्यांत दहावीच्या एका विषयाचा बराच मोठा भाग बसतो.